प्रश्न विचारण्याची भाषा

माहितीचा संग्रह करणें ही एक विद्या, आणि त्या संग्रहास प्रश्न विचारणें ही दुसरी. संगणकाच्या इतिहासांत पहिलीचें कौतुक पुष्कळ झालें. दुसरीची कथा सामान्य वाचकाच्या कानीं क्वचितच येते.

१९६० नंतरच्या दशकांत मोठ्या संग्रहांतील नोंदी दुव्यांनीं एकमेकींस जोडलेल्या असत. कोणत्या वाटेनें कोणती नोंद गांठावयाची हें ज्यास ठाऊक, त्यासच तेथें प्रश्न विचारतां येई; इतरांनीं त्याच्या दारीं तिष्ठावयाचें. १९७० सालीं आयबीएम कंपनींतील एडगर कॉड यांनीं ही मिरासदारी मोडण्याचा मार्ग दाखविला. माहिती साध्या कोष्टकांत मांडावी, काय हवें तेवढेंच सांगावें, वाट यंत्रानें शोधावी, हा त्यांचा विचार. त्यास अनुसरून १९७४ सालीं चेंबरलिन व बॉइस यांनीं रचिलेली भाषाच पुढें ‘एसक्यूएल’ या नांवानें प्रसिद्धीस आली.

परंतु कोष्टकास अर्थ कळत नाहीं. विद्यार्थी, विषय व शिक्षक यांचें नातें तेथें रकान्यांतील सारख्या आंकड्यांवरून जुळवावें लागतें. आणि विद्यार्थ्याचें वय शिक्षकाच्या क्रमांकाशीं जुळविलें, तरी यंत्र बहुधा मुकाट्यानें उत्तर देतें! १९७६ सालीं पीटर चेन यांनीं वस्तू व त्यांचे संबंध यांवर आधारलेली मांडणी पुढें आणिली. १९८१ सालीं डेव्हिड शिपमन यांनीं ‘डॅप्लेक्स’ भाषेंत अशा संबंधांसच प्रश्नाचें व्याकरण बनविलें. विद्यार्थ्यावरून त्याचे विषय, विषयावरून शिक्षक, शिक्षकावरून त्याचा हुद्दा, असा प्रश्न आपल्या बोलण्याच्या ओघांतच लिहितां येई.

तरीहि व्यवहारांत जय एसक्यूएलचाच झाला. कोष्टकाला विचारलेल्या प्रश्नाचें उत्तरहि कोष्टकच असतें. त्यामुळें एका उत्तरावर दुसरा प्रश्न सहज रचतां येतो. वस्तूंच्या जगांत मात्र उत्तरादाखल मिळालेली जोडी ही नवी वस्तु मानावी कीं नुसती यादी, हा पेंच भाषाकारांस पडतो. शिवाय १९८६ सालीं एसक्यूएलला अमेरिकेंत प्रमाणभाषेचा मान मिळाला.

पण जुना विचार मेला नाहीं. २००८ सालीं प्रमाण ठरलेली ‘स्पार्कल’ भाषा ‘कर्ता, संबंध, कर्म’ अशा त्रिपदी विधानांसच प्रश्न विचारते, आणि ‘विकिडेटा’चा खुला संग्रह आज तिच्याच द्वारें कोणासहि चाळतां येतो.

जो प्रश्न भाषेंत सहज मांडतां येत नाहीं, तो बहुधा विचारलाच जात नाहीं. म्हणून अशी भाषा रचणारा मनुष्य नकळत आपल्या जिज्ञासेचीच सीमा आंखीत असतो.