आंब आणि आम्ल

‘आम्ल’ हा शब्द आपल्या रसायनाच्या पाठ्यपुस्तकांनी संस्कृतातून घेतला. त्याचाच प्राकृतातून झिजत आलेला भाऊ म्हणजे ‘आंब’. आंबट, आंबील, आंबणे ही सारी याच घरची मंडळी. एक भाऊ प्रयोगशाळेत गेला, दुसरा शेतातच राहिला. विज्ञानाचा इतिहास लिहिताना आपण पहिल्याचेच ऐकतो, असे आम्हांस वाटते.

नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागात, निफाड-येवल्याकडे, रब्बीचा हरभरा घेतात. या झाडाच्या पानांवर आणि घाट्यांवर बारीक लव असते. तिच्यातून आंबट द्रव स्रवतो. तीच आंब. थंडीच्या रात्री पिकावर स्वच्छ फडके पसरायचे आणि दवाने भिजलेले ते फडके पहाटे पिळून आंब साठवायची, ही हरभरा पिकवणाऱ्या मुलखांतली जुनी रीत. अजीर्णावर आणि पोटदुखीवर ती औषध होती. संस्कृत रसग्रंथांच्या अम्लवर्गात ‘चणकाम्ल’ येते ते हेच. रसायनशास्त्राने पुढे त्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही सेंद्रिय आम्ले ओळखली. घाटेअळीच्या वाढीला त्यांतले ऑक्झॅलिक आम्ल अडथळा करते, हेही संशोधनातून दिसले आहे.

आता दुसऱ्या भावाची कथा. मुंग्यांपासून मिळणाऱ्या आंबट द्रवाची माहिती जॉन रे यांनी १६७१ साली प्रसिद्ध केली. लॅटिन भाषेत ‘फॉर्मिका’ म्हणजे मुंगी. त्यावरून ते फॉर्मिक आम्ल झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कारखान्यांपासून फार दूर पडणाऱ्या पावसातही फॉर्मिक आणि ॲसेटिक आम्ले सापडली. ती आली कोठून, याचा शोध उष्ण कटिबंधातील वर्षावनांपर्यंत पोचला. झाडे आयसोप्रीनसारखी द्रव्ये हवेत सोडतात. सूर्यप्रकाशात त्यांची फॉर्मिक आम्लासारखी रूपांतरे होतात. हा व्यवहार दुहेरी आहे. हवेत आम्ल अधिक झाले की पाने ते शोषतात. दव आणि पाऊस ते पुन्हा खाली आणतात. २०१२ साली उपग्रहाच्या निरीक्षणांवरून वातावरणात दरवर्षी सुमारे १० ते १२ कोटी टन फॉर्मिक आम्ल येते आणि त्याचा ९० टक्के वाटा जैविक उगमाचा आहे, असा अंदाज मांडला गेला.

दोन्ही गोष्टी एकच नव्हेत, हे मान्य केले पाहिजे. हरभऱ्याची आम्ले सहजी उडत नाहीत. ती पानावरच राहतात आणि दवात उतरतात. अरण्यातली आम्ले वायुरूपाने फिरतात. ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असा दावा त्यामुळे येथे टिकणार नाही, आणि तो आम्हांला करायचाही नाही. पण पान आम्ल बाहेर टाकते आणि हवेतून उतरलेले पाणी ते आपल्यात घेते, एवढे निरीक्षण त्या फडक्यात निश्चित होते. फडके पसरणाऱ्यांची नावे मात्र कोठेच नाहीत. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही. एक कृती आणि एक शब्द मागे ठेवला.

फवारणीच्या शेतीत ते दव पिळून प्यायला आज कोण धजेल? रीत मागे पडते आहे आणि तिच्यामागे शब्दही जाईल. साहित्याच्या अभ्यासकांनी म्हणूनच बोलीतील असे शब्द त्यांच्या कृतींसह टिपून ठेवावेत. ‘आंब’ म्हणजे ‘आंबटपणा’ एवढाच अर्थ कोशात उरला, तर रात्रभर पिकावर पसरलेले ते फडके आपल्या इतिहासातून कायमचे निघून गेलेले असेल.