आंतरराष्ट्रीय वस्तुव्यापारातील बँकवित्त व जोखीमव्यवस्था

आंतरराष्ट्रीय वस्तुव्यापारातील बँकवित्त व जोखीमव्यवस्था : धान्य, कापूस, साखर, खाद्यतेले, धातू, खनिज तेल इ. ठराविक प्रतीच्या घाऊक मालाची एका देशातून दुसऱ्या देशात खरेदीविक्री होत असता, माल विक्रेत्याच्या ताब्यातून सुटल्यापासून त्याची किंमत वसूल होईपर्यंत अडकून पडणारे भांडवल पुरविण्याची, आणि त्या अवधीत संभवणाऱ्या धोक्यांची वाटणी करण्याची, बँकांनी बसविलेली पद्धती. या व्यापारात नफ्याचे प्रमाण अल्प आणि उलाढाल अवाढव्य असते. पन्नास हजार टन गहू एका जहाजात सहज मावतो, परंतु त्याची संपूर्ण किंमत स्वतःच्या तिजोरीतून मोजील असा व्यापारी विरळा. म्हणून माल हेच तारण आणि मालाची विक्री हीच परतफेड, या तत्त्वावर बँक रक्कम देते व प्रत्येक खेपेचा हिशेब स्वतंत्र ठेवते. कर्जदाराच्या ताळेबंदापेक्षा मालाकडे पाहून दिलेले हे कर्ज वरकरणी निर्धोक भासते; तथापि बँकेच्या हाती माल क्वचितच येतो, येतात ते कागद, आणि या व्यवहारातील बहुतेक मोठी बुडिते कागदावरचा माल व गुदामातला माल यांत पडलेल्या तफावतीतून निर्माण झालेली आहेत.

परक्या मुलुखातील खरेदीदाराची पत विक्रेत्याला ठाऊक नसते, आणि पैसे आगाऊ द्यावेत इतका विश्वास खरेदीदारालाही वाटत नाही. या पेचावरील सर्वमान्य तोडगा म्हणजे पतपत्र होय. खरेदीदाराची बँक विक्रेत्याला असे लेखी अभिवचन देते की, ठरलेल्या मुदतीत ठरलेले दस्तऐवज हजर केल्यास, खरेदीदाराची इच्छा असो वा नसो, ती स्वतः रक्कम चुकती करील. या दस्तऐवजांत बीजक, विमापत्र व तपासणीचा दाखला यांबरोबर मुख्य स्थान असते ते ‘बिल ऑफ लेडिंग’ला, कारण ती मालाची पावती असते, वाहतुकीच्या कराराचा पुरावा असते आणि मालावरील हक्काचे प्रतीकही असते. तिच्या सामान्यतः तीन मूळ प्रती काढतात व त्यांपैकी कोणतीही एक हजर करून माल सोडवता येत असल्यामुळे सावध बँक तिन्ही प्रती आपल्या कबजात घेतल्याखेरीज रक्कम सोडत नाही.

पतपत्रांचे एकरूप नियम पॅरिस येथील इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स या संस्थेने प्रथम १९३३ मध्ये सिद्ध केले. सध्याची ‘यूसीपी ६००’ ही संहिता १ जुलै २००७ पासून लागू आहे. दस्तऐवज पारखण्यास बँकेला कामाचे पाच दिवस मिळतात. माल जहाजावर चढल्यापासून एकवीस दिवसांच्या आत ते हजर व्हावे लागतात. परिमाणामागे ‘सुमारे’ हा शब्द असेल तर दहा टक्क्यांपर्यंत अधिकउणे चालते. पारख करणाऱ्या कारकुनाच्या मेजावर बीजकातील मालाचे वर्णन पतपत्रातील वर्णनाशी जुळते की नाही, जहाजभरणीची तारीख मुदतीच्या आत पडते की नाही, विम्याची रक्कम पुरेशी आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. गहू किडका आहे की नाही, हा प्रश्न त्या मेजावर उद्भवतच नाही. यातून एक चमत्कारिक रिवाज पडला आहे. कागदांत उणीव निघाली की बँक खरेदीदाराला ती पदरात घेण्याविषयी विचारते. बाजारभाव चढलेला असेल तर नावातल्या अक्षराची चूक तो हसतमुखाने माफ करतो, आणि भाव उतरलेला असेल तर तीच चूक त्याला अक्षम्य वाटू लागते.

बँकेचा संबंध दस्तऐवजांशी असतो, मालाशी नसतो, या तत्त्वाची मर्यादा ज्या खटल्याने आखून दिली, त्याचे मूळ हिंदुस्थानातच होते. लखनौच्या एका व्यापारी कंपनीकडून न्यूयॉर्कच्या खरेदीदाराने ब्रशांसाठी लागणारे राठ केस पतपत्रावर मागविले. कागद निर्दोष आले, परंतु पन्नास पेट्यांत गाईचे केस व केरकचरा भरून पाठविल्याची तक्रार त्याने न्यायालयात गुदरली. तक्रारीतील मजकूर खरा आहे असे तूर्त गृहीत धरून १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने असा दंडक घातला की, मालाच्या प्रतीविषयी वाद असेल तर बँकेने त्यात पडू नये. मात्र विक्रेत्याची उघड लबाडी पैसे चुकते होण्यापूर्वीच बँकेच्या नजरेस आणली गेली असेल, तर पतपत्राच्या स्वातंत्र्याचे कवच त्या लबाडाला लाभू देऊ नये. ‘स्टाइन विरुद्ध श्रोडर’ या नावाने ओळखला जाणारा हा निवाडा या विषयातील आधारस्तंभ गणला जातो.

माल प्रवासात नसून वखारीत पडून असतो तेव्हा बँक त्यावर मालतारण किंवा नजरगहाण कर्ज देते. पहिल्या प्रकारात कबजा बँकेचा वा तिने नेमलेल्या वखारदाराचा असतो, दुसऱ्यात तो कर्जदाराकडेच राहतो; साहजिकच दुसऱ्यात धोका अधिक. मालाच्या किंमतीपैकी काही हिस्सा कर्जदाराने स्वतः घालावा असा दंडक असून त्यास आपल्याकडील बँकांच्या परिभाषेत दुरावा म्हणतात. भाव उतरले तरी तारण पुरे पडावे हा दुराव्याचा हेतू. परंतु तारणच जागेवर नसेल तर पंचवीस टक्के काय आणि चाळीस टक्के काय, दुरावा व्यर्थ होतो. याचे ढळढळीत उदाहरण अमेरिकेत १९६३ मध्ये घडले. न्यू जर्सीतील बेयॉन येथे अलाइड क्रूड व्हेजिटेबल ऑइल या कंपनीच्या टाक्यांतील सोयाबीन तेलावर अमेरिकन एक्सप्रेसच्या एका पोटकंपनीने वखारपावत्या दिल्या आणि त्या पावत्यांवर अनेक बँकांनी व दलालांनी मोठमोठ्या रकमा दिल्या. तपासनीस टाकीवर चढून वरून माप घेत. तेल पाण्यावर तरंगत असल्यामुळे कित्येक टाक्यांत वर तेलाचा पातळ थर आणि खाली केवळ पाणी आहे, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. वायदेबाजारातील भाव कोसळून कंपनीचे दिवाळे निघाले तेव्हाच टाक्या तळापर्यंत तपासण्यात आल्या. पुढे २०१४ मध्ये चीनच्या चिंगदाओ बंदरात एकाच धातूच्या साठ्यावर अनेक वखारपावत्या काढून तो अनेक बँकांकडे तारण ठेवल्याचे आढळले. त्याआधी एक वर्ष मुंबईतील नॅशनल स्पॉट एक्स्चेंजमधील सौदे ३१ जुलै २०१३ रोजी बंद पडले आणि सुमारे ५,६०० कोटी रुपयांची देणी थकली, तेव्हाही वखारींतील माल पुरता नव्हता. तपासनीस कर्जदाराने नेमलेला असू नये, हा नियम इतका साधा आहे की तो वारंवार मोडला जावा याचेच नवल वाटते.

किंमतीच्या जोखमीचा विचार मुंबईच्या इतिहासाशी निगडित आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटून दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्यावर लँकेशरच्या गिरण्यांना पश्चिम हिंदुस्थानातील कापसावर विसंबावे लागले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. केप ऑफ गुड होपला वळसा घालून लिव्हरपूलला जाणाऱ्या कापसाच्या मार्गात महिनेच्या महिने जात. तोवर गासड्यांपोटी काढलेल्या हुंड्यांवर बँका रक्कम देत आणि मध्यंतरीच्या भावफरकाचा भार व्यापाऱ्यावर राहत असे. भाव चढता असेतो हा भार कोणालाच जाणवला नाही. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, बातमी मुंबईस येऊन थडकली आणि कापसाचा भाव घसरला. १ जुलैस मुदत भरणाऱ्या वायद्यांनी पेढ्यांमागून पेढ्या बुडविल्या. १८४० मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बाँबे १८६८ मध्ये मोडीत निघाली. या बँकेचा नाश कापसाने केला असे सरसकट म्हटले जाते, परंतु ते पूर्णांशाने खरे नाही. १८६३ च्या कायद्याने शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मुभा बँकेला मिळाली होती, आणि समुद्रात भर घालून जमीन काढणाऱ्या बॅक बेसारख्या भरावकंपन्यांच्या फुगलेल्या शेअरांवर दिलेल्या रकमांनी ती खचली. शेअरदलाल प्रेमचंद रायचंद यांचा तिच्या कारभारावर पगडा होता, ही गोष्ट पुढे नेमलेल्या चौकशी आयोगासमोर आली. गासडीचा भाव निम्म्यावर आला तरी गासडी शिल्लक राहते. भरावकंपनीच्या शेअराबाबत तेवढेही सांगता येत नव्हते. १८६८ मध्येच बँक ऑफ बाँबे याच नावाची नवी बँक निघाली, ती १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत व १९५५ मध्ये पर्यायाने स्टेट बँकेत विलीन झाली.

अशा भावफरकापासून बचाव करण्याचा मार्ग म्हणजे हेजिंग : माल हाती घेताच तेवढ्याच मालाचा वायदा विकावा, म्हणजे मालात जे जाईल ते वायद्यात परत मिळेल. शिकागोचा १८४८ मध्ये निघालेला धान्यबाजार, लंडनचा १८७७ मध्ये निघालेला धातुबाजार आणि मुंबईत १९२१ मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनचा बाजार या कामी आले, आणि हेज न केलेल्या मालावर बँका हात आखडता घेऊ लागल्या. परंतु या उपायाने जोखीम नाहीशी होत नाही, तिचे रूप पालटते. वायदा विकल्यावर भाव चढले तर व्यापाऱ्याला दररोज रोख मार्जिन (भावफरकापोटीची अनामत) भरावे लागते, आणि मालावरील त्याचा फायदा मात्र माल विकला जाईपर्यंत हाती येत नाही. अशा वेळी बँकेने कर्जमर्यादा वाढविली नाही तर हिशेबाने श्रीमंत असलेली पेढीही रोखीवाचून बसते. ८ मार्च २०२२ रोजी लंडनच्या बाजारात निकेलचा भाव काही तासांत टनामागे एक लाख डॉलरपलीकडे गेला, तेव्हा बाजारचालकांनी व्यवहार थांबविले व त्या दिवसाचे सौदे रद्द ठरविले. मार्जिन भरता न येणाऱ्यांचा त्यामुळे बचाव झाला आणि ज्यांनी रीतसर नफा मिळविला होता ते कोर्टात गेले. त्याच बाजारात २४ ऑक्टोबर १९८५ रोजी आंतरराष्ट्रीय कथील परिषदेने देणी भागविता येत नसल्याचे सांगून हात वर केले होते. अनेक सरकारे या परिषदेची सदस्य असल्यामुळे तिच्या ऐपतीविषयी बँकांनी चौकशी केली नव्हती. सदस्य सरकारे तिच्या कर्जास व्यक्तिशः जबाबदार नाहीत, हे इंग्लंडच्या न्यायालयांनी बँकांना नंतर सांगितले.

परकीय खरेदीदाराचे दिवाळे, चलनावरील निर्बंध, युद्ध इ. धोक्यांसाठी भारतात १९५७ मध्ये सरकारी निर्यातविमा संस्था मुंबईस स्थापन झाली. तीच आजची ईसीजीसी. विनिमयदराचा धोका बँकेशी वायदेकरार करून आवरता येतो. स्वदेशी सरकारच्या हुकुमाचा धोका मात्र निराळ्या जातीचा आहे. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने कांद्याची निर्यात काही महिने बंद ठेवली. ज्या जहाजांवर भरणी आधीच सुरू झाली होती त्यांना सूट होती, नाशिकच्या चाळींत व बंदराच्या वाटेवर असलेल्या कांद्याला नव्हती. पतपत्राच्या आधारे ज्या निर्यातदाराने आधीच पॅकिंग क्रेडिट (निर्यातीपूर्वीचे कर्ज) उचलले असेल, त्याची स्थिती अशा वेळी अशी होते की परदेशी बँक आपल्या वचनाला बांधलेली असते आणि खरेदीदार पैसे देण्यास राजी असतो, परंतु माल जहाजावर न चढल्यामुळे बिल ऑफ लेडिंगच निघत नाही व पतपत्राची मुदत संपून जाते. मग कांदा देशातील बाजारात मिळेल त्या भावाने विकून कर्ज फेडावे लागते, आणि निर्यातीच्या रकमेतून फेड न झाल्याकारणाने निर्यातकर्जाची व्याजसवलतही पहिल्या दिवसापासून काढून घेतली जाते.