भिंतीपलीकडचा खलबत्ता

आमच्या जुन्या घराची आणि शेजारच्या घराची भिंत एकच. मातीची, चांगली हातभर रुंद. पण आवाजाला काही ती अडवत नाही. पलीकडच्या वहिनी मसाले कांडून विकतात. भाऊ गेल्यापासून त्यावरच त्यांचं घर चालतं. माझं लिहिण्याचं टेबल पूर्वी रस्त्याकडच्या खोलीत होतं. रिक्षांच्या कलकलाटाला कंटाळून मी ते मागच्या खोलीत नेलं आणि नेमकं त्याच भिंतीला टेकवलं. मग काय, ओळ जुळत आली की पलीकडे धप्प!

वैतागून एका वकील मित्राकडे गेलो. तो हसला. म्हणाला, "तुझा खटला लंडनमध्ये कधीच चालून गेलाय."

ती हकीकत अशी. लंडनच्या विगमोर स्ट्रीटवर ब्रिजमन नावाचा एक मिठाईवाला होता. त्याच्या स्वयंपाकघरात संगमरवराचे दोन मोठे खलबत्ते होते. साखरेचे ढेकळ फोडायचे, मांस कुटायचं, ही त्यांची कामं. एक खलबत्ता साठ वर्षांहून जुना, दुसरा पंचवीस वर्षांच्या पुढचा. बत्ते सरळ उभे राहावेत म्हणून त्यांचे आडवे दांडे मागच्या सामाईक भिंतीतच रोवलेले. भिंतीपलीकडे विम्पोल स्ट्रीटवरच्या एका घराची बाग होती. त्या घरात पूर्वी राहणाऱ्या एका आजारी गृहस्थानं एवढीच विनंती केली होती, की सकाळी आठच्या आत कुटू नका.

पुढे 1865 मध्ये तिथं स्टर्जेस नावाचे डॉक्टर आले. 1873 मध्ये त्यांनी बागेच्या टोकाला, त्या भिंतीला लागून, रोगी तपासायची खोली बांधली. आता छातीला कान लावावा तर रुग्णाच्या ठोक्यांऐवजी बत्त्याचेच ठोके ऐकू येत! डॉक्टर कोर्टात गेले. मिठाईवाला म्हणाला, वीस वर्षांच्या वर मी कुटतोय, हा माझा वहिवाटीचा हक्क झाला. 1879 मध्ये अपील कोर्टानं ते मानलं नाही. खोली नव्हती तोवर आवाजाविरुद्ध दाद मागण्याजोगं काही नव्हतं. मग वहिवाट सुरू कुठून होणार? डॉक्टर जिंकले.

मला आधी बरं वाटलं. वीस वर्षांची वहिवाट आपल्याकडेही आहे. 1882 चा सुविधाधिकार कायदा 1891 मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला आणि ती मुदत त्यातही आहे. म्हणजे वहिनींचं उखळ कितीही जुनं असलं तरी माझं टेबल जिंकणार!

पण मित्रानं पुढचं सांगितलं. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञानं 1960 मध्ये हाच खटला पुन्हा उकरला. त्याचं म्हणणं, उपद्रव दोन्हीकडून असतो. डॉक्टरला वाचवायचं तर मिठाईवाल्याचं नुकसान करावं लागतं. अडथळा नसेल तर दोघांनी पैशांत सौदा करून मार्ग काढावा. या माणसाला 1991 मध्ये नोबेल मिळालं. सौद्याची गोष्ट मला तेवढी पटली नाही. वहिनींपाशी माझी शांतता विकत घ्यायला पैसे कुठले? आणि कवीपाशी तरी त्यांचं उखळ थांबवायला कुठले? मात्र 'दोन्हीकडून' हा शब्द डोक्यात राहिला.

संध्याकाळी वहिनींकडे गेलो. चहा झाला. भीत भीत विषय काढला. त्या म्हणाल्या, "आधी नाही का सांगायचं, भाऊ? मला वाटलं, तुम्हाला चालतंय. मीही बोलले नाही ना."

"तुम्ही कशाबद्दल?"

"रात्री एक-एक वाजेपर्यंत तुम्ही एकेक ओळ दहादा म्हणता. मला पहाटे चारला उठायचं असतं. तुमची ती पावसाची कविता माझी पाठ झालीय. तिसरी ओळ अजून जमली नाही ना?"

खरंच जमली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून त्यांचं उखळ भिंतीपासून चार हात लांब ओढलं आणि खाली दुहेरी गोणपाट घातलं. धप्प आता धपकन येत नाही, लांबून आल्यासारखं येतं. माझं टेबल समोरच्या भिंतीला गेलं. रात्री दहानंतर ओळी मी मनातच म्हणतो. उन्हाळ्यात मिरचीची मोठी ऑर्डर असली की कांडायच्या आधी वहिनी भिंतीवर दोनदा टकटक करतात. मग मी पेन ठेवतो आणि बाजारात जाऊन येतो.