चाक धरणारा खटका

आपल्या रोजच्या काळ्या सायकलीचं चाक काढायचं तर पाना लागतो. म्हणून तर पंक्चरवाला चाक न काढताच टायरच्या कडेतून ट्यूब बाहेर ओढतो. गिअरच्या सायकली आल्या आणि चाकाच्या नटांच्या जागी एक चपटी दांडी दिसू लागली. ती उघडली की चाक सुटतं, मिटली की घट्ट बसतं. दुकानांत तिला ‘क्विक रिलीज’ म्हणतात. मी तिला खटका म्हणणार आहे. बोटभर लांबीच्या या खटक्याला शंभर वर्षांच्या आसपासचा इतिहास आहे, आणि चालत्या सायकलीचं चाक निखळून माणसं जायबंदी का झाली याचं उत्तर त्या इतिहासातच सापडतं.

कथा सुरू होते इटलीत. व्हिचेन्झा गावच्या लोखंडी सामानाच्या दुकानदाराचा मुलगा तुल्यो काम्पान्योलो सायकल शर्यतीत उतरत असे. त्या काळी शर्यतीच्या सायकलीला मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळी दातेरी चक्रं असत, एक सपाटीसाठी, एक चढासाठी. चढ आला की स्वार उतरायचा, पंखाचे नट हातानं सैल करायचा, चाक काढून उलटं बसवायचा आणि पुन्हा निघायचा. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी क्रोचे दाउने या डोंगरी खिंडीत थंडीनं तुल्योची बोटं गारठली, नट काही केल्या फिरेनात, आणि तिथंच त्याला खटक्याची कल्पना सुचली, असं सांगतात. सायकलीच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी या कथेवर शंका घेतल्या आहेत. त्या रास्त असतीलही. पण मी पडलो कवी; गारठलेल्या बोटांतून निघालेलं यंत्र मला सहजासहजी सोडवत नाही. एवढं मात्र खरं, की १९३३ साली वडिलांच्या दुकानामागच्या खोलीत तुल्योचा कारखाना सुरू झाला आणि हा खटका त्याची ओळख बनला.

त्याची रचना साधी आहे. चाकाचा कणा पोकळ. त्यातून एक बारीक सळई आरपार जाते. सळईच्या एका टोकाला छोटा नट, दुसऱ्या टोकाला दांडी. दांडीच्या मुळाशी मध्यबिंदू सोडून बसवलेला एक गोल तुकडा असतो. दांडी मिटताना तो सळईला ताणतो आणि फोर्कचे दोन्ही पाय चाकाच्या कण्यावर दोन बाजूंनी आवळले जातात. सगळी पकड या ताणात असते.

शर्यतवाल्यांचा या ताणावर केवढा भरवसा! काम्पान्योलोच्या ‘काम्बियो कोर्सा’ नावाच्या गिअरमध्ये स्वार सायकल चालवता चालवताच हात मागे नेऊन मागच्या चाकाचा खटका उघडायचा, पॅडल उलटं फिरवत साखळी दुसऱ्या चक्रावर ढकलायचा आणि खटका पुन्हा मिटायचा. जिनो बार्ताली १९४८ ची ‘तूर द फ्रान्स’ जिंकला तो याच गिअरवर. धावत्या सायकलीचं चाक जाणूनबुजून सैल करणारी ही माणसं होती. खटका त्यांच्यासाठी, त्यांच्या सरावलेल्या हातांसाठी बनला होता.

पुढे तो सामान्य माणसाच्या सायकलीवर आला. १९७० च्या दशकात अमेरिकेत सायकलींची लाट उसळली, तिच्याबरोबर तो घरोघरी गेला. आता गंमत पाहा. खटक्याची दांडी दिसते पंखाच्या नटासारखी, कारण ती त्याच्याच जागी आली. नटाची सवय असलेला माणूस ती धरून गोल गोल फिरवतो, जरा घट्ट लागली की सोडून देतो. पण दांडी मिटलीच नाही, तर हवा तेवढा ताण येत नाही. सायकल उभी असते तेव्हा चाक जागेवर दिसतं, चार-आठ दिवस चालतंही. मग एखाद्या खड्ड्यात पुढचं चाक उचललं जातं आणि खाचेतून खाली सटकतं.

खटले उभे राहिले. उत्पादकांनी फोर्कच्या खाचेला दोन्ही बाजूंना छोटे ओठ काढले, दांडी सैल राहिली तरी चाक त्यावर अडावं म्हणून. सायकलवाले त्यांना ‘वकिलांचे ओठ’ म्हणू लागले. या ओठांमुळे दांडी उघडूनही चाक निघेना. नट आणखी चार फेरे सैल करावा लागे. खटक्यातला झटपटपणाच गेला. काही शर्यतवाल्यांनी तर कानस घेऊन ते घासून टाकले.

मग डिस्क ब्रेक आले, आणि नीट मिटलेल्या खटक्यावरही प्रश्न उभा राहिला. २००३ साली जपानमध्ये काम करणाऱ्या जेम्स ॲनन या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की पुढचा ब्रेक फोर्कच्या मागच्या अंगाला असल्यानं तो दाबताच चाकाचा कणा खाली, म्हणजे नेमका खाचेच्या उघड्या तोंडाकडे रेटला जातो. डिस्कचा व्यास साधारण १६० मिलिमीटर, चाकाचा त्याच्या चौपटीहून अधिक. त्यामुळे डिस्कपाशी येणारं बळ जमिनीवरच्या ब्रेकबळाच्याही चौपटीच्या पुढे जातं. तोवर चाक निघालं की ‘तुम्ही नीट बसवलं नसेल’ हे ठरलेलं उत्तर होतं. ॲननच्या हिशेबानंतर ते उत्तर पुरेसं राहिलं नाही.

२०१५ च्या एप्रिलमध्ये ट्रेक कंपनीनं एकट्या अमेरिकेतून सुमारे ९ लाख सायकली दुरुस्तीसाठी परत मागवल्या. त्यांचा पुढचा खटका उघडला की इतका मागे जायचा, की सैल राहिलेली दांडी डिस्कमध्ये अडकून चाक एकदम थांबावं किंवा निखळावं. नोंदलेल्या अपघातांपैकी एकात स्वाराचे हातपाय कायमचे लुळे पडले होते. सप्टेंबरमध्ये आणखी १३ कंपन्यांनी सुमारे १३ लाख सायकली परत मागवल्या. ग्राहकांना सांगितलेली परीक्षा शाळकरी पोरालाही जमेल अशी होती: खटका पूर्ण उघडा आणि दांडी व डिस्कच्या मधल्या फटीत साधी पेन्सिल आडवी जाते का पाहा. सहा मिलिमीटरची फट. ती नसेल तर सायकल चालवू नका, दुकानात न्या.

आता डिस्क ब्रेकच्या बहुतेक चांगल्या सायकलींत खालून उघडी खाच उरलेली नाही. फोर्कला पूर्ण गोल भोक असतं, त्यातून जाड कणा आरपार जातो आणि पलीकडच्या आट्यांत बसतो. तो नटासारखा फिरवूनच बसवावा लागतो. तुल्योला नको झालेलं फिरवणं असं परत आलं.

जुन्या खटक्याच्या सायकली मात्र आपल्या रस्त्यांवर अजून भरपूर आहेत, हातोहात विकल्याही जातात. असा खटका मिटताना दांडी कण्याच्या रेषेत आली की विरोध सुरू व्हायला हवा. पुढचं अर्धं अंतर तळहातानं रेटावं लागतं, आणि मिटल्यावर तळव्यावर दांडीचा वळ उमटलेला दिसतो.