विरंगुळ्याची नदी : टेम्स आणि कर्ली

इ. स. १८८९ मध्ये जेरोम के. जेरोम ह्या इंग्रज लेखकाचे ‘थ्री मेन इन अ बोट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. लंडनमधील तीन मित्र आणि एक कुत्रा किंग्स्टनहून ऑक्सफर्डपर्यंत टेम्स नदीतून सावकाश होडी वल्हवीत जातात, एवढेच त्याचे कथानक. विनोदी पुस्तक म्हणून ते वाचले जाते आणि ते तसे आहेच. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहता त्यात एका मोठ्या स्थित्यंतराची नोंद आहे. नदीवरील व्यापार ओसरल्यावाचून तिच्यावर सहल निघत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कर्ली नदीच्या संदर्भात हे विधान कितपत लागू पडते, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

लंडन ते ब्रिस्टल हा ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा मार्ग १८४१ मध्ये पूर्ण झाला. त्यानंतर टेम्सच्या वरच्या पात्रातील मालवाहू नौकांचा धंदा हळूहळू बसत गेला. मोकळ्या झालेल्या पात्रात शहरी मध्यमवर्ग सुट्टीसाठी उतरला, आणि त्याला तेथवर आणून सोडणारीही रेल्वेच होती. काठावरचे जमीनदार आणि हे नवे नौकाविहारी यांच्यात हक्काचे तंटे उभे राहिले. अखेर १८८५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने टेम्स संरक्षण कायदा संमत केला व टेडिंग्टनच्या वरील नदी लोकांच्या मनोरंजनासाठी राखणे हा त्याचा हेतू म्हणून स्पष्टपणे नमूद केला. जेरोमची होडी ह्या कायद्यानंतर चारच वर्षांनी वाचकांसमोर आली.

पुस्तकातील मॉन्टमोरेन्सी ह्या फॉक्स टेरियर कुत्र्याचे प्रकरण तर अधिकच बोलके आहे. जेरोमचे दोन्ही सोबती त्याच्या खऱ्या मित्रांवरून, जॉर्ज विनग्रेव्ह व कार्ल हेन्शेल यांच्यावरून, घेतलेले. कुत्रा मात्र कल्पनेतला. फॉक्स टेरियर ही मुळात कोल्ह्याच्या शिकारीसाठी जोपासलेली जात. होडीत तिला कोणतेच काम नाही. बरोबर असणे हेच काम. १८६७ मध्ये ब्रिटनमध्ये कुत्र्यावर वार्षिक परवाना शुल्क बसले, १८७३ मध्ये केनेल क्लब स्थापन झाला. ज्या पिढीत होडी कष्टातून सुटून विरंगुळ्याची झाली, त्याच सुमारास कुत्राही राखणदाराचा सोबती होऊ लागला होता.

कोकणातील घराच्या खळ्यात झोपणाऱ्या कुत्र्याला ही बढती फार उशिरा मिळाली. रात्री परसाची राखण करावी, रानडुकरांवर व वानरांवर भुंकावे, शिकारीला माणसांबरोबर रानात शिरावे, ही त्याची नेमलेली कामे होती. होडीचेही तसेच. सह्याद्रीत उगम पावून कुडाळ तालुक्यातून वाहणारी कर्ली देवबागजवळ अरबी समुद्राला मिळते. भरतीबरोबर आत शिरावे आणि ओहोटीबरोबर बाहेर पडावे, हे खाडीतल्या वाहतुकीचे वेळापत्रक. ‘तर’ म्हणजे पैलतीर गाठण्याची सोय. तिच्यात बसणे ही मौज नव्हती, निकड होती. १८८० मध्ये निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या रत्नागिरी-सावंतवाडी खंडात खाड्यांचे वर्णन आहे ते व्यापाराच्या नजरेने : गलबते किती आतपर्यंत जातात, बंदरे कोणती. आगबोटींच्या काळातही मालवणला बोट दूर नांगरून उभी राहत असे व उतारूंना पडावातून किनाऱ्यावर यावे लागे. त्या हेलकाव्यांना सहल म्हणण्याचे धाडस कोणी केले नसते.

ही वाहतूक ओसरली कशी, ह्याचे उत्तर टेम्सइतके सरळ नाही. १८८८ मध्ये मुरगाव बंदर रेल्वेने देशाशी जोडले गेले आणि आंबोली घाटातून वेंगुर्ल्याला उतरणारा बेळगावकडील माल गोव्याकडे वळला. हा घाव बंदराला बसला; आतल्या खाड्यांची निकड मात्र पुढे रस्त्यांनी आणि पुलांनी संपवली. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ मध्ये. म्हणजे येथे रेल्वेने नदीचा माल नेला नाही, तिने पर्यटक आणले. १९८१ मध्ये निर्माण झालेला सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला होता. तारकर्लीच्या नावातच जिचे नाव आहे, त्या नदीत पुढे राज्य पर्यटन महामंडळाच्या निवासी नौका आल्या. देवबागहून संगमाकडे नेणाऱ्या यांत्रिक होड्याही आल्या. मुंबई-पुण्याकडील एखादे कुटुंब आता आपला पाळीव कुत्राही बरोबर आणते. मॉन्टमोरेन्सी कर्लीत अवतरला तो असा, सव्वाशे वर्षांनी.

येथपर्यंत साम्य जुळते. पुढे ते ताणू नये. जेरोमचे नायक स्वतः वल्ही मारतात, दोर ओढतात, तंबू उभारताना फजित होतात. कर्लीतील पर्यटक बसून असतो. सुकाणू स्थानिक होडीवाल्याच्या हाती, आणि तो बहुधा मासेमारी करणाऱ्या कुटुंबातला असतो. पाहुण्याचा विरंगुळा हा त्याचा रोजगार आहे. दुसरा भेद अधिक गंभीर आहे. टेम्सचे वरचे पात्र व्यापारातून बरेचसे मोकळे झाले होते. कर्ली मोकळी झालेलीच नाही. तिच्यात जाळी पडतात, ओहोटीला कालवे काढली जातात, वाळूचा उपसा होतो, आणि समुद्र व नदी यांच्यामधील देवबागची चिंचोळी पट्टी दोन्ही बाजूंनी झिजते. १८८५ च्या कायद्याने मनोरंजनाला अग्रक्रम देताना ज्यांना बाजूला सारले, त्यांत नदीवर पोट असणारे थोडेच उरले होते. तोच अग्रक्रम कर्लीला लावायचा, तर बाजूला कोणाला सारणार, हा प्रश्न नियोजनाच्या कागदांत क्वचितच विचारला जातो. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले, तेव्हा मच्छीमारांनी तो विचारला होता.

जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते आणि पर्यटकांच्या होड्याही काठावर ओढून झापांखाली ठेवलेल्या असतात. नदी त्या दिवसांत गढूळ आणि भरधाव असते. होड्यांच्या आडोशाला पाऊस चुकवीत वाडीतली कुत्री पडून राहतात.