पिला हाऊसच्या नाक्यावर

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत गेलं की पिला हाऊस लागतं. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना हे नाव सांगितलं की ती पिवळं घर शोधू लागतात. उर्दूत पीला म्हणजे पिवळा, तेव्हा त्यांचं काही चुकत नाही. पण हा मूळ शब्द 'प्ले हाऊस'. इथे ओळीने नाटकघरं होती आणि मुंबईकरांच्या जिभेवर प्ले हाऊसचं पिला हाऊस झालं. इंग्रजी शब्दाला आमच्या गल्लीबोळांनी दिलेलं हे नाव मला फार आवडतं.

मुंबईतलं पहिलं नाटकघर फोर्टमधल्या बॉम्बे ग्रीनवर १७७६ साली उभं राहिलं. ते गोऱ्या साहेबांसाठी होतं. कर्जात बुडून ते विकलं गेलं आणि १८४६ साली नवं थिएटर ग्रँट रोडला आलं. त्यासाठी जागा दिली जगन्नाथ शंकरशेट यांनी. फोर्टबाहेरच्या या वस्तीत साहेब फारसे फिरकेनात, आणि त्यामुळेच ते आपलं झालं. १८५३ साली सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी इथे मराठी खेळ केले. त्याच वर्षी पारशी मंडळींनी याच रंगमंचावर रुस्तुम-सोहराब गुजरातीत उभा केला. भाव्यांनी गोपीचंदाचा खेळ हिंदुस्थानीतूनही करून दाखवला. म्हणजे भाषेच्या भिंती त्या घरात पहिल्यापासूनच नव्हत्या.

उर्दू आली ती धंद्याच्या हिशोबाने, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. पारशी कंपन्यांना देशभर फिरायचं होतं आणि गुजराती सगळीकडे चालत नव्हती. १८७१ साली व्हिक्टोरिया नाटक मंडळीने 'सोने के मोल की खुर्शीद' हे उर्दू नाटक आणलं. ते मूळचं एदलजी खोरींचं गुजराती नाटक. पुढे मुन्शी रौनक बनारसी या कंपनीसाठी लिहू लागले. त्यांच्यामागून आलेले तालिब बनारसी म्हणजे विनायक प्रसाद. मालक पारशी, लेखक कधी मुसलमान तर कधी हिंदू, भाषा उर्दू आणि गाव मुंबई. उर्दूला परकी म्हणणाऱ्यांनी एकदा हा हिशोब तपासावा.

आता मराठीकडे येतो. एका शैक्षणिक बैठकीत एक गृहस्थ मला सहज म्हणाले, "सर, संगीत नाटक म्हणजे आमची परंपरा, तुमच्याकडे कव्वाली." मी हसलो. मराठी नाट्येतिहासात सांगितलं जातं, की अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात पारशी कंपनीची 'इंद्रसभा' पाहिली आणि त्यांना संगीत नाटकाची कल्पना सुचली. १८८० साली 'शाकुंतल' आलं. ही 'इंद्रसभा' मूळ लखनौच्या आगा हसन अमानत यांची. बालगंधर्वांच्या कंपनीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष बसत. आमचं आणि तुमचं वेगळं काढायला गेलं तर नाटक मुकं होईल.

या सगळ्याचा कळस मला ८ जुलै १९२१ च्या रात्री दिसतो. ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' झालं. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र आले होते. नाटक मराठी, पण थिएटरला नाव खुर्शेदजी बालीवालांचं, उर्दू रंगभूमीवर ज्यांनी नाव कमावलं त्या पारशी नटाचं. तेव्हा खिलाफत आणि असहकार या दोन चळवळी हातात हात घालून चालल्या होत्या. त्याच ऑक्टोबरात केशवराव वारले, तिशीच्या उंबरठ्यावर. त्यामुळे तो खेळ नुसता गाजला नाही, चटका लावून गेला.

दहा वर्षांनी १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकला 'आलम आरा' लागला. त्याची गोष्टही पारशी रंगभूमीच्या जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकाची. बोलपटाने नाटकाचीच भाषा, गाणी आणि माणसं उचलली आणि नाटकघरं रिकामी केली. पिला हाऊसच्या थिएटरांमध्ये पडदे लागले. रिपन थिएटर होतं त्याचं आल्फ्रेड टॉकीज झालं. मग आजूबाजूची वस्ती बदनाम झाली आणि घरंदाज माणसं त्या रस्त्याचं नाव घेईनाशी झाली. आमच्या पुस्तकांतून हा इतिहास गळाला तो बहुधा त्या लाजेपोटीच.

रस्त्यांची नावं मात्र कुणीतरी छान ठेवून गेलंय. ग्रँट रोड आता मौलाना शौकत अली मार्ग आहे आणि फॉकलंड रोड पठ्ठे बापूराव मार्ग. एक खिलाफतीचे पुढारी. दुसरे जातीने ब्राह्मण, पण तमाशात रमलेले शाहीर. पिला हाऊसच्या नाक्यावर दोघे एकमेकांना भेटतात.

आज आम्ही मालाडकर मराठी नाटक पाहायला पार्ल्याच्या दीनानाथला जातो, नाहीतर बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरेला. इस्मत चुगताईंच्या उर्दू गोष्टी ऐकायच्या तर जुहूचं पृथ्वी. तिथला प्रेक्षक वेगळा आणि इथला वेगळा. दोन्हीकडे जाणारे मला फार थोडे भेटतात. मालवणीच्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी तर बहुतेकांनी दोन्ही ठिकाणं आतून पाहिलेली नाहीत, आणि बोरिवली लोकलने फक्त दोन स्टेशनांवर आहे.