तळटीप : बिली बोस्टन

बिली बोस्टन (जन्म १९३४) हे कार्डिफच्या गोदीलगतच्या टायगर बे वस्तीतले. वडील सिएरा लिओनचे. बोस्टन आधी पंधरा जणांचे रग्बी युनियन खेळत, ज्यात तेव्हा मानधन घ्यायला बंदी होती. १९५३ मध्ये विगन क्लबने ३,००० पौंड देऊन त्यांना तेरा जणांच्या रग्बी लीगमध्ये आणले. क्लबकडून जेमतेम सहा सामने झालेले असताना १९५४ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यासाठी निवड झाली आणि तिथे त्यांनी ३६ ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवणे) केले.

मजकुरातला दक्षिण आफ्रिकेचा ओझरता उल्लेख १९५७ चा आहे. ऑस्ट्रेलियातील विश्वचषकानंतर ब्रिटिश संघ दक्षिण आफ्रिकेत प्रदर्शनीय सामने खेळायला गेला. वर्णभेदी राजवटीमुळे बोस्टन मात्र परस्पर मायदेशी परतले. संघ त्यांच्याशिवाय खेळला, ही गोष्ट लेखकाने एका वाक्यात उरकायला नको होती. विगनसाठी ४८८ सामन्यांत ४७८ ट्राय, कारकिर्दीत एकूण ५७१. त्यांच्यापुढे फक्त ऑस्ट्रेलियन ब्रायन बेव्हन (७९६). निवृत्ती १९७०. ‘सर’ हा किताब मिळाला तो थेट २०२५ मध्ये. रग्बी लीगच्या खेळाडूला मिळालेला हा पहिलाच.